अकरा वाटांचं पुस्तक

"मीनलला इंग्लंडात फार बोलू देऊ नका हं," सुनंदाकाकू म्हणाल्या. "नाहीतर कुणी हिला वाट दाखवायला आलं, तर त्या गोऱ्यांनाच सांगायची, बेअर लेफ्ट अॅट द चर्च!"

टेबलाशी बसलेले सगळे हसले. मी ओट्याशी चहा गाळत होते, मीही हसले. नेहमीसारखं ओठ मिटून नाही, चांगलं आवाज करून. काकूंनी आईची नक्कलच तशी केली होती: मान ताठ, एक बोट वर आणि 'चर्च' शब्दावर दिलेला तो जोर. आई खाली बाजारात कोथिंबीर आणायला गेली होती. हसून झाल्यावर मी गाळणं बेसिनमध्ये ठेवलं आणि वळले, तर आई दारात उभी होती. चपला बाहेर कॉरिडॉरमध्ये काढलेल्या, हातात पिशवी. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती म्हणाली, "अगं, पोहे गार होतील, देत का नाहीस?" आणि कोथिंबीर धुवायला लागली. तिने काय ऐकलं आणि काय नाही, हे मला कळलं नाही. त्या काळात मला कुणालाच काही विचारायचं धाडस नव्हतं, तर हे कसलं विचारते.

ते आमचं सिंगापुरातलं, क्लेमेंटीचं घर. बाराव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून एमआरटीचा, म्हणजे मेट्रोचा, पूल दिसायचा. गाडी पुलावर आली की खिडकीतल्या बरण्या किणकिणायच्या, आणि आईने कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या ऐवजी गाड्या मोजायची सवय लावून घेतली होती. "चार गाड्या झाल्या की डाळ बंद कर," असं मला सांगून ती खाली जायची. शेजारच्या घरातून दुपारी माहजोंगच्या सोंगट्या ढवळल्याचा आवाज यायचा, तो मला लहानपणी पावट्याचे दाणे परातीत ओतल्यासारखा वाटायचा. बाबा जहाजावर चीफ इंजिनिअर होते. ते सहा महिने नसायचे आणि नंतर दोन-तीन महिने एवढे असायचे, की घर लहान वाटायचं.

आता त्या पुस्तकाबद्दल सांगायला हवं. बाबांचं आणि आईचं लग्न ठरलं आणि बाबांचं जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यावर दुरुस्तीला जाऊन अडकलं. सुटीच्या दिवशी बाबा बसने कँटरबरीला जायचे. ते जुनं गाव, मधोमध प्रचंड कॅथीड्रल, आणि गावाच्या वेशीतून चहूकडे निघालेल्या पायवाटा: एखादी सफरचंदाच्या बागांतून जाणारी, एखादी जंगलातून, एक थेट समुद्रापर्यंत. तिथल्या एका दुकानात त्यांनी हिरव्या कव्हराची बारीकशी पुस्तिका घेतली. गावाभोवतीच्या अकरा वाटा तिच्यात होत्या, प्रत्येक वाट पावलापावलाने सांगितलेली. चर्चकडे पाठ करा. झुडपांचं कुंपण डाव्या हाताला ठेवा. चर्चपाशी डावीकडे वळा. लाकडी पायरीवरून कुंपण ओलांडा, मेंढ्या असतील तर फाटक लावून घ्या. ही पुस्तिका बाबांनी सांगलीला आईला पाठवली. आत लिहिलं होतं, "चौथी वाट आपण दोघं चालू."

आई मराठी शाळेत शिकलेली. तिने ती पुस्तिका डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली, आधी एकदा, मग किती वेळा कोण जाणे. तिने आयुष्यात अथपासून इतिपर्यंत वाचलेलं ते एकच इंग्रजी पुस्तक, आणि तिचं सगळं इंग्रजी तिथून आलेलं. त्यामुळे आई सिंगापुरात आली तेव्हा तिला बाकी काही बोलता येत नसे, पण वाट कशीही सांगता येई. टॅक्सीवाल्याला ती म्हणायची, "विथ युवर बॅक टु द स्टेशन, पास द मार्केट ऑन युवर लेफ्ट, अँड कंटिन्यू अंटिल द बिग ट्री." तो आरशातून बघायचा. एकदा तर एका म्हाताऱ्या चिनी टॅक्सीवाल्याने गाडी थांबवून विचारलं होतं, "आंटी, व्हेअर गॉट चर्च?" चर्च नव्हतंच. आई कोपऱ्यावरच्या छोट्या चिनी देवळीला चर्च म्हणत होती. जिथे वळायचं तिथलं देवाचं जे काही असेल ते तिच्या पुस्तकात चर्चच होतं. मी मागच्या सीटवर शाळेच्या युनिफॉर्ममध्ये बसलेली, खिडकीच्या काचेत शिरता आलं असतं तर शिरले असते. मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून आई इंग्रजी बोलायला लागली, की मी बुटाची लेस बांधायला खाली वाकायची.

आज मी स्वतः दिवसभर परक्या लोकांशी परक्या भाषेत बोलते आणि माझी वाक्यंही कुठून कुठून उचललेली आहेत हे मला माहीत आहे. ऑफिसातली, पडद्यावरची, कुणा मैत्रिणीची. आईची निदान सगळी एका प्रेमाच्या पुस्तकातून आलेली होती. पण हे अठराव्या वर्षी कोण सांगणार.

त्या वर्षी माझ्या ए लेव्हल्स, म्हणजे तिथल्या बारावीच्या परीक्षा, संपल्या होत्या आणि निकालाची वाट बघत मी घरी होते. त्याच वर्षी बाबांचं कॉन्ट्रॅक्ट संपून ते युरोपातल्या कुठल्याशा बंदरात उतरणार असं ठरलं. बावीस वर्षांनी चौथी वाट चालायची वेळ आली होती. आईने हे घाटपांडेकाकांना सांगितलं आणि तिथेच तिचं आणि बाबांचं खाजगी राहिलं नाही. काका म्हणजे सुनंदाकाकूंचे यजमान, बाबांचे पुण्यापासूनचे मित्र, आयटीतले मॅनेजर. त्यांना कुठल्याही गोष्टीचा प्रोजेक्ट करता यायचा. आठ दिवसांत सात जणांचा गट, एक्सेलचा छापलेला तक्ता, गळ्यात शिट्टी. "वहिनी, तुम्ही आणि तो चालणार, तर आम्ही काय इथे चिकन राइस खात बसू?" असं म्हणून त्यांनी दर रविवारी सराव लावला. ईस्ट कोस्ट म्हणजे समुद्राची वाट. उबीन बेट म्हणजे खेड्यातली वाट. कुंपण ओलांडायचा सराव आमच्या ब्लॉकखालच्या मुलांच्या खेळाच्या जागेत, तिथे लाकडी शिडी होती. सुनंदाकाकू त्या शिडीवर चढल्या आणि वरून हलेचनात. एक फिलिपिनो बाई आणि दोन लहान मुलं खाली उभी राहून त्यांना धीर देत होती. शेवटी काकूंनी वरूनच फर्मान काढलं, "तिथे फाटक असेल ना, ते उघडायचं. आपण काय मेंढ्या आहोत?"

चालायची रीत मात्र बाबांनी व्हिडिओ कॉलवरून घालून दिली होती, जहाजावरची. जहाजावर कॅप्टनने हुकूम दिला की सुकाणूवरचा माणूस तो जसाच्या तसा मोठ्याने परत म्हणतो. मगच सुकाणू फिरतं. तसं आमच्या रांगेत सगळ्यात पुढे आई पुस्तकातल्यासारखी वाट सांगायची, आणि सगळ्यात मागचा माणूस ती सबंध मोठ्याने परत म्हणायचा. म्हणजे मधल्या सगळ्यांनी ऐकलं, कुणी मागे राहिलं नाही, हे पुढच्याला कळतं. मागच्या माणसाला सगळे शेपूट म्हणायचे. शेपटाची जागा मी मागून घेतली, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नाही असं मला वाटलं होतं. आई पुढून सांगायची, काका विचारायचे, "मागे ऐकू आलं का?" आणि मी ओठ हलवायची. एकही शब्द माझ्यापुढच्या माणसाच्या पाठीपलीकडे जात नसे. मग काकाच माझ्या वतीने ओरडायचे, "शेपटाने ऐकलं!" आणि रांग हलायची. ते सगळे रविवार खरं तर फार सुखाचे होते, आणि मी ते असे खाली मान घालून घालवले. ईस्ट कोस्टला डावीकडे नांगर टाकून उभी असलेली मोठमोठी जहाजं, सायकलच्या घंटा, काड्यांवर साटेचं मांस भाजल्याचा धूर, आणि शाकाहारी सुनंदाकाकूंचं दर वेळचं वाक्य, "वास घ्यायला काय हरकत आहे?"

आणि मग ते गार झालेले पोहे. दुसऱ्या दिवशी पुस्तिका तिच्या उशाशी नव्हती. दोन दिवसांनी मला ती पोह्यांच्या डब्यामागे सापडली, रबरबँड लावून ठेवलेली. गुरुवारी तिने काकांना फोन केला. मी आतल्या खोलीत होते. "नाही हो, गुडघे," ती म्हणत होती. "सबंध दिवसभर चालायचं म्हणजे... माझ्या जागी पाटणकरांना विचारा ना. हे येतील की तिकडे, चालतील तुमच्याबरोबर." थोड्या वेळाने, "नाही, ह्यांना मी सांगीन सावकाश." आईच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. बारा मजले ती लिफ्ट बंद असताना भाजीची पिशवी घेऊन चढलेली मी पाहिली होती. काका रविवारच्या उबीनच्या चालण्यानंतर नावं पक्की करून तिकिटं काढणार होते. म्हणजे माझ्याकडे तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मी आईला चार वेळा चहा करून दिला, न सांगता कपडे वाळत घातले, आणि बोलले काहीच नाही.

रविवारी आई आली, पण शेवटचं म्हणून आणि डबा आपल्याकडे आहे म्हणून. बंबोटीत, म्हणजे बेटावर नेणाऱ्या होडीत, बारा माणसं जमल्याशिवाय नावाडी सोडत नाही. आमचे सात आणि सायकलवाले पाच झाल्यावर आम्ही निघालो. डिझेलचा वास, पाण्याचे शिंतोडे, दहा मिनिटांत पलीकडे. उबीनला उतरलं की सिंगापूर मागे राहिल्यासारखं वाटतं. पत्र्याची छपरं, लाकडी खांबांवरची घरं, सावलीत पसरलेले कुत्रे, एका अंगणात ड्युरियन फळांचा ढीग आणि त्याच्याजवळ पेपर वाचत बसलेली एक आजी. पुढे काका फोन हातात धरून चालत होते. "आज नकाशावर चालू," ते आईकडे न बघता म्हणाले. आई रांगेच्या मधे होती. मी शेवटी.

मी मागून सगळं बघत असते, हा माझा एकच गुण. त्या दिवशी मी आईची मान बघत होते. खाणीचं हिरवं तळं डाव्या हाताला आलं तेव्हा तिची मान जरा हलली. एका मोठ्या झाडाखाली तांबडी चिनी देवळी होती, उदबत्त्यांची राख आणि तीन संत्री. तिथे आम्ही उजवीकडे वळलो, तेव्हा मी एक पाऊल बाजूला होऊन बघितलं. आईचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. ती मनातल्या मनात सगळी वाट सांगत चालली होती, वळणावळणाला, कुणालाही नको असलेली.

पुढे काकांना नकाशावर जवळची वाट दिसली. रस्ता सोडून जुन्या रबराच्या झाडांतून आत शिरलो, एक आडवं पडलेलं झाड डाव्या हाताला टाकून पुढे गेलो, मग पायवाटच नाहीशी झाली. पाऊण तासाने डाव्या हाताला एक आडवं पडलेलं झाड आलं. "अशी झाडं बरीच पडतात इकडे," काका म्हणाले. आणखी अर्ध्या तासाने ते परत आलं, त्याच्यावर काकूंची मघाशी तिथे विसरलेली टोपी होती. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"वेलकम टु मलेशिया म्हणतोय."

बेटाच्या त्या टोकाला समोरच मलेशियातल्या जोहोरचा किनारा. फोनने तिकडचा मनोरा पकडला होता, आणि काका परदेशातलं इंटरनेट कायम बंद ठेवणारे गृहस्थ, त्यामुळे नकाशा तासाभरापूर्वीच गोठलेला. आम्ही सगळे त्या गोठलेल्या निळ्या टिंबामागे चालत होतो. काकू झाडाच्या बुंध्यावर बसल्या. "अहो, इंग्लंडला न्यायचं कबूल केलं होतंत, मलेशियात आणलंत! पासपोर्टसुद्धा नाही जवळ!" सगळे एवढे हसले की वरच्या फांदीवरची माकडं उठून गेली. आईही हसली. तिने डबा उघडला आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दह्यात कालवलेला भाताचा गोळा असं वाटायला लागली. बाकीच्यांचेही फोन मलेशियात गेलेले. ऊन कलायला लागलं होतं, आणि संध्याकाळी बोटीला बारा माणसं जमतीलच असं नव्हतं.

मी आईशेजारी जाऊन बसले. हळूच म्हटलं, "आई, तुला येते ना वाट?"

"मला कुठलं येतंय," ती चटणी वाढत म्हणाली. "नकाशा आहे ना त्यांचा. आपण गप्प बसलेलं बरं."

आईने डब्याचं झाकण लावलं, मग ते परत उघडलं, परत लावलं.

"त्या दिवशी मी दाराबाहेर चपला काढत होते," ती म्हणाली. इतकं हळू, की शेजारी नसते तर ऐकू आलं नसतं. "तुझं हसू मला कळलं. दहा जणांतसुद्धा कळतं, किती कमी हसतेस तू. मला आधी बरंच वाटलं गं. म्हटलं, गार्गी हसली, काय झालं म्हणून बघावं. मग आत आले आणि..." ती थांबली. "नक्कल छान करतात सुनंदाताई."

मी आजवर बऱ्याच परीक्षा दिल्या, मुलाखती दिल्या, एकदा दोनशे माणसांसमोर उभी राहिले. त्या वाक्यानंतर मी उठले, ते यातल्या कशाहून अवघड होतं. मला माफी मागायची होती आणि मला ती मागता येत नव्हती. मराठीत ती फार नाटकी वाटली असती, आणि इंग्रजीत फार स्वस्त. मी रांगेच्या शेवटी, जिथे माझी जागा असते, तिथे जाऊन उभी राहिले. रांग नव्हतीच. सगळे बसलेले, कुणी दशमी खातंय, कुणी बूट झटकतंय. मी एकटीच रबराच्या झाडांत सरळ उभी, शाळेतल्या असेंब्लीत असते तशी.

"आई, वाट सांग!" मी म्हटलं.

तो आवाज एवढा मोठा निघाला की मी स्वतः दचकले. काकूंच्या हातातली दशमी हातातच राहिली. काका म्हणाले, "कोण ओरडलं?" आणि इकडेतिकडे बघायला लागले. मी म्हणजे ओरडणाऱ्यांतली नाही, हे त्यांना इतकं पक्कं माहीत होतं.

आईने माझ्याकडे बघितलं. मग तिने डबा काकूंच्या मांडीवर ठेवला. "धरा हो जरा, सुनंदाताई." ओढणी कमरेला बांधली आणि उभी राहिली.

"घाटपांडे, यादीतून माझं नाव कापलंत?"

"पेन्सिलीने, वहिनी."

"मग खोडरबर आहे का तुमच्याकडे?"

"घरी आहे."

"घरी जायला मिळालं की खोडा ती रेघ," आई म्हणाली आणि रांगेच्या पुढे गेली. बाकीचे पटापट उठून तिच्या मागे लागले. तिने समुद्राचा आवाज कुठून येतोय तो ऐकला. डोळे मिटले, बोटाने हवेत एक वळण घेतलं, मग उलटं घेतलं, कारण परतताना डावं ते उजवं होतं. मान ताठ झाली. एक बोट वर गेलं. तिने सुरुवात केली, आणि प्रत्येक तुकड्यानंतर आवाज थोडा थोडा वाढत गेला. शेवटच्या शब्दापाशी मात्र ती अडखळली. तो शब्द तिने खाली बघून, जवळजवळ स्वतःशीच म्हटला.

कुणी हसलं नाही. झाडांत रातकिडे लवकरच सुरू झाले होते.

"मागे ऐकू आलं का?" काकांनी विचारलं. सवयीने ते माझ्या वतीने ओरडायला वळलेही होते. मी हात वर करून त्यांना थांबवलं. श्वास घेतला, आणि आईची मान, आईचं बोट, आईचा जोर, सगळं आईचं घेऊन, शेवटच्या शब्दासकट म्हटलं:

"विथ युवर बॅक टु द सी, कीप द फॉलन ट्री ऑन युवर राइट, कंटिन्यू टु द रोड, अँड बेअर लेफ्ट अॅट द चर्च!"